एचडी चॅनल लावले की चित्राच्या चौकटी होतात, साधे मात्र व्यवस्थित. मोठी डिश बसवावी का?

गाव संगमेश्वर तालुक्यात, घर वाडीच्या अगदी खालच्या अंगाला. छत्री आग्नेयेला, कौलांच्या वर लोखंडी पाइपावर. समोर शेजारच्यांचा फणस आहे, पण छत्री साठेक अंश वर बघते, त्यामुळे तो आड येत नसावा (तोडा म्हणायची सोय नाही, कापा फणस आहे!).

साधे चॅनल पावसातही बऱ्यापैकी दिसतात. एचडी लावलं की आधी चौकटी, मग आवाज तुटतो, मग 'सिग्नल नाही'. कोरड्या दिवशीही संध्याकाळी एकदा तरी होतंच. बॉक्सवर स्ट्रेंग्थ 78, क्वालिटी 40 च्या आसपास. सर आली की क्वालिटी थेट 15.

आतापर्यंत एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) बदलला. छत्रीपासून टीव्हीपर्यंत नवी आरजी-6 केबल टाकली, 25 मीटर, मध्ये जोड नाही. कनेक्टर आतून हिरवे पडले होते, तेही बदलले. बॉक्स मावशीकडे लावून पाहिला, तिथे सगळं स्वच्छ दिसतं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन छत्री हलवून गेला, क्वालिटी 36 ची 40 झाली, बस्स.

फायबर वाडीत नाही, मोबाइलला रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात, म्हणजे इंटरनेटवरून बघा हा सल्ला नको. फ्री डिशवर आईच्या मालिकांचे एचडी चॅनल नाहीत.

सध्याची छत्री 60 सेंमीची. त्याच एलएनबीवर 90 सेंमीची लावली तर क्वालिटी खरंच वाढेल, की आधी एलएनबी थोडा फिरवून बघावा? कोकणात पावसाळ्यात कोणी मोठी छत्री वापरतंय का, आणि वाऱ्यात ती टिकायला पाइप किती जाड घेतलात?