मदत हवी आहे: टेकऑफचा कमी थ्रस्ट (इंजिनाचा जोर), फ्लेक्स आणि डीरेट

घरच्या सिम्युलेटरवर एअरबस ए३२० विमान उडवतो. वैमानिक नाही, पण गणित चालेल. फ्लेक्स समजलंय: बाहेर ३० अंश असताना ५५ आहे असं संगणकाला सांगायचं, इंजिन त्या उष्णतेत जमेल तेवढाच, म्हणजे कमी जोर लावतं. कपात जास्तीत जास्त २५ टक्के. धावपट्टीवर पाणी साचलं असेल किंवा बर्फ असेल तर फ्लेक्स नाही. इंजिनाचं आयुष्य वाढतं वगैरे माहीत आहे, ते कृपया नको.

अडलंय डीरेटवर, म्हणजे इंजिनाचा कमाल जोरच ठरावीक प्रमाणात कमी धरून टेकऑफ करण्यावर. तो म्हणे साचलेल्या पाण्यातही चालतो! मॅन्युअलमध्ये नियम सापडला, कारण नाही. जोर दोन्हीत कमीच, मग किमान नियंत्रण वेग (एक इंजिन बंद पडलं तरी विमान सरळ ठेवता येईल असा कमीत कमी वेग) फ्लेक्समध्ये पूर्ण थ्रस्ट धरून आणि डीरेटमध्ये कमी धरून का काढतात? आणि एक इंजिन बंद पडल्यावर फ्लेक्समध्ये लिव्हर सरळ टोगाला (पूर्ण थ्रस्टच्या जागी) नेता येतात, डीरेटमध्ये कमी वेगात तसं करायला मनाई, ती यामुळेच का?