मॉरिशसमध्ये पहिला नाताळ, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ह्यांच्या नोकरीमुळे जूनपासून आम्ही मॉरिशसला आहोत, पश्चिम किनाऱ्यावर. सासू-सासरे २० डिसेंबरला येत आहेत, त्यामुळे यंदाचा नाताळ सगळे मिळून इथेच.

शेजारच्या ख्रिश्चन काकूंनी आम्हाला २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला आणि दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलंय. किती मायेनं बोलावलंय, मला फार भरून आलं. पण चर्चमध्ये आपण बसायचं कुठे, प्रसादाची भाकरी घ्यायला लोक पुढे जातात तेव्हा आपण जागेवरच थांबायचं ना? सासूबाई नऊवारीत आल्या तर चालेल ना? आणि जेवायला जाताना काय न्यावं? मी करंज्या करायचं म्हणतेय. इथे लिचीचाही हंगाम आहे, पण ती त्यांच्या अंगणातच लगडलीय.

दुसरं म्हणजे लेक सात वर्षांची आहे, तिला बर्फ हवाय. इथे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, रस्तोरस्ती गुलमोहर लाल झालेत. कापसाचा खोटा बर्फ लावायला माझं मन घेत नाही. गुलमोहराच्या शेंगा, शिंपले, नारळाच्या झावळ्या वापरून कुणी झाड सजवलंय का? प्रवाळ आणि जिवंत शंख मात्र मुळीच उचलायचे नाहीत, हे मी तिला सांगितलंय.

आणि हा चक्रीवादळांचाही मोसम. इशारा चार पायऱ्यांत वाढत जातो, हे माहीत आहे. म्हातारी माणसं घरात असताना पाणी, औषधं, बॅटरी यांची तयारी तुम्ही किती दिवसांची ठेवता?