मेळाव्याची वेळ बदलून बघा

अंगणवाडीच्या पालक मेळाव्याला "बोलावलं तरी बाप येत नाहीत," अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आमच्या सांगली जिल्ह्याचं सांगते. पालक मेळावा ठेवतात भर दुपारी. तेव्हा तासगावचा बाप द्राक्षबागेत असतो, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर तर त्याला मान वर करायला सवड नसते. खानापूर-आटपाडीकडचे कितीतरी बाप सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यापायी परराज्यात. त्यांना दोष देऊन काय साधणार?

सरकारच्या पोषण अभियानात खास नवऱ्यांसाठी सुपोषण दिवस ठेवलेलाच आहे. तो संध्याकाळी, डेअरीत दूध घालून झाल्यावर घ्या ना! आणि कृपा करून भाषणं नकोत. बाळ बापाच्या मांडीवर द्या. त्यानं हुंकार दिला की बापानंही द्यायचा, मग थांबून त्याच्याकडे बघायचं, पुन्हा त्याची पाळी. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची जडणघडण फार वेगानं होते, आणि तिला या देवाणघेवाणीचाच मोठा आधार असतो. पैसा लागत नाही, खेळणीही लागत नाहीत.

परगावच्या बापांचं काय? आशाताई बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी घरी येतात. त्या भेटीत बापाला व्हिडिओ कॉलवर घ्यावं. वजन, वरचा आहार, लसी सगळं त्यालाही थेट सांगावं.

आणखी एक, आजीलाही बोलवा. पोर बापानं उचललं की "पाडशील" म्हणून ते काढून घेणारी बहुतेक घरांत तीच असते.