हंड्रेड माइल विल्डरनेस: १० दिवसांचं खाणं खरंच पाठीवर न्यायचं का?

पायवाट:
ऑगस्टच्या शेवटी मी आणि धाकटा भाऊ अमेरिकेतल्या अपलाचियन ट्रेलचा मेन राज्यातला तुकडा करायचा म्हणतोय, मॉन्सन ते अबोल ब्रिज. अख्खी ट्रेल नाही हो, साडेतीन हजार किमी चालायला सुट्टी कोण देतंय, फक्त हे १०० मैल. सुरुवातीलाच म्हणे बोर्ड आहे की किमान १० दिवसांची शिदोरी नसेल तर पुढे जाऊ नका. आम्ही रोज २० किमी धरून ८ दिवस काढलेत. १० दिवसांचं भरून बघितलं तर सॅक १९ किलो, ती घेऊन एक जिना चढले आणि तिथंच बसले. कमी नेलं तर चालेल ना? आणि नद्यांवर पूल नाहीत म्हणतात, भाऊ पाण्याला जाम घाबरतो.

ओलेमोजे:
रोज २० किमी सपाटून विसरा. पहिले ४८ किमी, म्हणजे प्लेझंट नदीच्या वेस्ट ब्रांचपर्यंत, बॅरन-चेअरबॅकची रांग आहे, उंची बघून हसाल पण एक माथा उतरला की लगेच पुढचा, आणि पायाखाली माती कमी, मुळं आणि ओले दगडच जास्त. मला दुसऱ्या दिवशी ९ तासांत १२ किमी झाले, शेवटी तर नजर पायावरून उठतच नव्हती, झाडांवरचे वाट दाखवणारे पांढरे पट्टे चुकवून दोनदा मागे फिरलो. पहिले चार दिवस १२-१२ धरा. व्हाइट कॅप डोंगर उतरलात की पुढे बरंच सपाट आहे, तिथं २५ सुद्धा होतात. हवा स्वच्छ असेल तर व्हाइट कॅपवरून कटाडिन, म्हणजे ट्रेल जिथं संपते तो डोंगर, पहिल्यांदा दिसतो.

हलकीसॅक:
मी ५ दिवसांत केलंय. ७ दिवसांचं न्या, बास. बोर्ड घाबरवायलाच असतो.

ओलेमोजे:
@हलकीसॅक तुमचे पाय तुमच्यापाशी. पावसाने ओढा फुगला आणि अलीकडच्या काठावर दीड दिवस बसावं लागलं तर काय मुळं खायची? आमचं बिग विल्सन ओढ्याला तेच झालं. संध्याकाळी काठावर एक दगड हेरून ठेवला होता, पाण्याने बुडालेला, सकाळी उठून बघतो तर तो वीतभर वर आलेला, मगच उतरलो.

रानवाट_७:
दोघांचंही ऐका पण वजन पाठीवरच पाहिजे असं कुठंय? नावाला विल्डरनेस, आत लाकूडतोडीचे कच्चे रस्ते आहेत. मॉन्सनमधली हॉस्टेलवाली मंडळी पैसे घेऊन तुमची खाण्याची बादली मधल्या एखाद्या रस्त्यावर पोचवतात, आधी ठरवावं लागतं एवढंच. म्हणजे निघताना ५-६ दिवसांचं, बाकी मधे उचला.

नदीचं म्हणाल तर अनवाणी अजिबात उतरू नका, गोटे शेवाळलेले असतात. मोजे काढा, बूट तसेच ठेवा नाहीतर जुने सँडल घाला. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, दोन काठ्या टेकलेल्या, एका वेळी एकच पाय उचलायचा. वेस्ट ब्रांच रुंद आहे, दीडेकशे फूट, पण एरवी पाणी गुडघ्याएवढंच. भावाला आधी एखाद्या लहान ओढ्यात दोन-तीन खेपा करायला लावा.

पायवाट:
बादलीचं माहीतच नव्हतं!! मग ९ दिवस करतो, अर्धं पाठीवर अर्धं बादलीत. भाऊ विचारतोय कटाडिन पण करायचा का, आणि कुत्रा नेऊ का 🙄

रानवाट_७:
कुत्रा नाही, कटाडिन बॅक्स्टर पार्कात आहे आणि तिथं कुत्र्यांना बंदी आहे. कटाडिन करायचा तर पार्कातल्या मुक्कामाचं बुकिंग आत्ताच बघा. आणि लीन-टूमधे (तीन भिंतींच्या उघड्या निवाऱ्यात) झोपलात तर खाणं बाहेर झाडाला टांगा, अस्वलाचं सोडा, उंदीर सॅक कुरतडतात. माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्याला अजून भोक आहे.