प्रश्न झिजेचा कमी, उष्णतेचा अधिक

हँडब्रेक सोडायला विसरून गाडी चालवली तर काय बिघडते, या प्रश्नावर एक मत असे की गाडी थोडीच पुढे गेली तर फार तर लायनर (ब्रेक लावल्यावर घासणाऱ्या पट्ट्या) झिजतात; हे मत गल्लीतल्या अंतरापुरते मान्य आहे. परंतु त्यात उष्णतेचा विचार राहूनच जातो. मागे ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ ड्रमला आतून लायनर दाबणारा ब्रेक) असलेल्या बहुतेक गाड्यांत हँडब्रेकची केबल पायाच्या ब्रेकचेच लायनर ड्रमवर दाबते, त्यामुळे ड्रममध्ये साठणारी उष्णता व्हील सिलिंडरमधील (ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणाऱ्या भागातील) रबरी सील आणि ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, मात्र ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. ऑइल उकळले की ब्रेकचे पेडल मऊ पडते, म्हणजे दाबूनही ब्रेक नीट लागत नाही, आणि घाटात तेच सर्वांत घातक.

जळका वास येताच गाडी सपाट जागी थांबवून गिअरमध्ये ठेवावी, चाकांना दगड लावावेत आणि ड्रम निवेपर्यंत हँडब्रेक पुन्हा ओढू नये, कारण तापून प्रसरण पावलेला ड्रम निवताना आकुंचन पावून लायनर जखडून धरतो. पाणी तर मुळीच ओतू नये. ड्रम उघडल्यावर लायनरवर काचेसारखी चकाकी (अति तापल्याची खूण) दिसली, तर मेकॅनिकने केवळ केबल ताणून दिली यावर कृपया समाधान मानू नका. सिलिंडरचे रबरी टोपण उचलून गळतीही पाहून घ्या.