मदत हवी आहे: वाचनालयाच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलंय, वेबमास्टरला नेमकं काय काय यावं लागतं?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वाचनालयाची छोटी वेबसाइट आहे. ग्रंथांची यादी, वर्गणीचे दर, व्याख्यानमालेचं वेळापत्रक, जुने वार्षिक अहवाल असं सगळं तिच्यावर आहे. ज्यांनी ती बनवून दिली त्यांनी हा व्यवसाय बंद केलाय. फोन उचलतात, पण ‘बघतो, सांगतो’च्या पुढे गाडी सरकत नाही. कार्यकारिणीने ठराव करून वेबमास्टर म्हणून माझं नाव घातलं आहे.

काम मला मनापासून करायचंय. प्रबंधाचं काम करणारी मुलं आमची यादी बघून लांबून फोन करतात, ‘अमुक जुनं मासिक तुमच्याकडे आहे का, येऊ का बघायला?’ म्हणून. त्यांच्यासाठी ही यादी नीट असायलाच हवी.

साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालते, आणि त्यात लेख टाकता येईल एवढंच लॉगिन माझ्याकडे आहे. हल्ली साइट उघडली की ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. यादीचा बराच भाग श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो, आणि गूगलला त्यातलं एकही पुस्तक सापडत नाही. कोडिंग शिकावं लागेल का? डिझाइन? सुरुवात कुठून करू? अनुदान आणि वर्गणी यांतच सगळं भागवायचं आहे, हेही लक्षात घ्या.

– ग्रंथपाल_ताई

जुना_सर्व्हरवाला:

ताई, कोडिंगचं नंतर बघू. आधी किल्ल्या ताब्यात घ्या.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतली पहिली वेबसाइट लोकांसाठी खुली केली. त्यानंतरची काही वर्षं पानं लिहिणं, सर्व्हर सांभाळणं, आलेल्या पत्रांना उत्तरं देणं हे सगळं बहुतेक ठिकाणी एकच माणूस करायचा. तोच वेबमास्टर. १९९७ च्या एका इंटरनेट मानकात तर वेबसाइटच्या तक्रारींसाठी ‘वेबमास्टर’ नावाचा ईमेल पत्ता ठेवावा असं लिहून ठेवलंय. मोठ्या कंपन्यांत आता या कामाचे दहा तुकडे झालेत. छोट्या संस्थेत मात्र ते आजही एकाच माणसाच्या अंगावर पडतं. या साइटचं काहीही झालं तर उत्तर देणारा माणूस, हे मी त्याचं पहिलं काम मानतो. पानं सुंदर करणं फार पुढे येतं.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, हा सातबारा आणि होस्टिंग, म्हणजे साइट ठेवलेली सर्व्हरवरची जागा, हे त्यावरचं घर, असं समजा. सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते आजच बघा. ‘हूइज’ शोधात पत्ता टाकला की डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) आहे आणि मुदत कधी संपते ते कळतं. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल. मग साइट बनवणाऱ्या माणसाला सचिवांच्या सहीचं पत्र द्या, आणि डोमेन वाचनालयाच्या नावाच्या खात्यात वर्ग करून मागा. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर डोमेनवरचं कुलूप काढून ‘ऑथ कोड’, म्हणजे हस्तांतरासाठीचा गुप्त संकेत, मागावा लागतो. तो माणूस फोन उचलतोय ही जमेची बाजू आहे, तेव्हा गोडीने घ्या. डोमेन ‘डॉट इन’ असेल तर वाद निक्सीच्या (‘डॉट इन’ डोमेन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) ठरलेल्या प्रक्रियेत नेता येतो, पण ती अगदी शेवटची पायरी. खात्याला ईमेल संस्थेचा लावा. कुणाचा वैयक्तिक लावलात, तर पदाधिकारी बदलले की हाच घोळ पुन्हा होईल.

त्यानंतर होस्टिंगचं लॉगिन आणि वर्डप्रेसचं प्रशासक खातं. ते हाती आल्यावर कशालाही हात लावण्याआधी बॅकअप घ्या. फाइली वेगळ्या आणि डेटाबेस वेगळा, दोन्ही हवेत. नुसत्या फाइली उतरवून लोक निर्धास्त होतात, आणि लेख तर सगळे डेटाबेसमध्ये असतात. घेतलेला बॅकअप दुसरीकडे चढवून साइट उभी राहते का ते एकदा करून बघाच.

ब्राउझरचा इशारा बहुतेक साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे असेल. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. त्याची मुदत थोडीच असते, त्यामुळे आपोआप नूतनीकरणाची सोय हवी. बहुतेक होस्टिंगच्या पॅनलमध्ये ती असते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर आधी कारण विचारा.

लिपीवेडा:

श्रीलिपीबद्दल मी सांगतो, ही कामं मी बरीच केली आहेत.

त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट काढला की खालचं रोमन उघडं पडतं, तोच तुमचा काला. युनिकोड या आजच्या जागतिक अक्षर-संकेतात देवनागरीला स्वतःच्या जागा आहेत, म्हणून शोधही लागतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. जोडाक्षर आलं की कच्चं साधन गडबडतं, ‘स्थिती’चं ‘सि्थती’ करून ठेवतं. रफाराचीही हीच गत.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘कादंबऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, हलंत आणि य. दुसरा, साधा र, हलंत, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साइटच्या साध्या शोधात एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. वाचनालयाच्या यादीत हा शब्द किती वेळा येईल बघा! एकच पद्धत ठरवा आणि शोधा-बदला वापरून सगळीकडे तीच करा. मी पहिली सुचवेन.

यादी वर चढवण्याआधी डेटाबेस ‘यूटीएफ-८ एमबी४’ या युनिकोडच्या साठवण पद्धतीत आहे ना, तेवढं तपासून घ्या. तो ‘लॅटिन’ या फक्त रोमन अक्षरांच्या जुन्या पद्धतीत असेल तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात, आणि त्यांतून मूळ अक्षरं परत काढता येत नाहीत.

ग्रंथपाल_ताई:

दोघांचे मनापासून आभार. आणखी एक विचारायचं आहे. एका जुन्या पानावर सभासदांच्या नावांची पीडीएफ आहे, मोबाइल क्रमांकांसह. ती दुवा काढून टाकून लपवू का?

कोल्हापुरी_मिसळ:

ताई, लपवू नका, फाइलच सर्व्हरवरून काढा. दुवा गेला तरी थेट पत्ता ठाऊक असलेल्याला ती उघडते, आणि गूगलकडेही तिची नोंद राहते. फाइल काढल्यावर सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात साइटची मालकी सिद्ध करा आणि तिथल्या ‘रिमूव्हल्स’मधून तो पत्ता काढायची विनंती टाका. या साधनाचं नाव २०१५ पर्यंत वेबमास्टर टूल्स होतं, जुन्या लेखांत तेच सापडेल. कुणी सांगेल की ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’मध्ये, म्हणजे शोधयंत्रांना काय बघू नका ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहून ठेवा. ते करू नका. ती फाइल कुणालाही वाचता येते, म्हणजे काय लपवायचंय त्याचा पत्ता आपणच जाहीर केल्यासारखं होईल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, तेव्हा ही गोष्ट कार्यकारिणीच्याही कानावर घाला. सभासदांनी नंबर वाचनालयाला दिला होता, जगाला नाही.

बाकी एचटीएमएल, म्हणजे पानं लिहायची भाषा, थोडी आली की पुरे, म्हणजे मोडलेला दुवा किंवा तक्ता स्वतः दुरुस्त करता येतो. सीएसएस, म्हणजे पानांच्या रंगरूपाची भाषा, हळूहळू शिकाल. फोटोला वर्णन लिहायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. दृष्टिहीन वाचकांचं वाचक-सॉफ्टवेअर तेच वाचून दाखवतं, आणि वाचनालयाच्या साइटवर ते नसणं मला फार लागतं.

ग्रंथपाल_ताई:

पीडीएफ काढायला माझ्या लॉगिनला परवानगी नाही, म्हणून त्या गृहस्थांना आत्ताच फोन केला. ती फाइल आज रात्री काढतो म्हणाले आहेत. डोमेनच्या पत्रावर सचिव उद्या सही करतील. दरम्यान ‘क’पासूनच्या लेखकांची यादी युनिकोडमध्ये करून बघते. लिपीवेडा, पहिली पाच पानं इथे टाकली तर वेलांट्या आणि ‘कादंबऱ्या’ तपासून द्याल का?

लिपीवेडा:

टाका. मूळ श्रीलिपीची फाइलही सोबत जोडा, नुसत्या रूपांतरावरून चूक कुठे झाली ते कळत नाही.