एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) : हेड कोच ऑफेन्सवाला (चढाईचा) हवा की डिफेन्सवाला (बचावाचा)?

तिसरा_डाऊन
संघात कोवळा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) असेल तर हेड कोच ऑफेन्सचाच घ्यावा, असं माझं ठाम मत. डिफेन्सवाल्या कोचच्या हाताखालचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (चढाई सांभाळणारा सहायक कोच) चमकला की दुसरा संघ त्याला हेड कोच करून नेतो, आणि त्या पदासाठी त्याला अडवता येत नाही. अटलांटाचंच बघा. हेड कोच डॅन क्विन डिफेन्सचे, ऑफेन्स काइल शॅनाहनकडे. २०१६ला ५४० गुण, क्वार्टरबॅक मॅट रायन एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू). शॅनाहन हेड कोच होऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेले. २०१७ला तोच रायन, पास झेलणारा तोच हुलिओ जोन्स, आणि गुण ३५३.

निकेल_ब्लिट्झ
२०१६च्याच मोसमाचा सुपर बोल (अंतिम सामना) सोयीस्करपणे वगळलात! अटलांटाची आघाडी २८-३ वरून २८-२० झालेली, चेंडू प्रतिस्पर्धी न्यू इंग्लंडच्या २२ यार्डांवर, पाचेक मिनिटं बाकी. तीनदा चेंडू पळवून फील्ड गोल (लाथेने मारलेला, ३ गुणांचा) मारला असता तर ३१-२०. शॅनाहननी एकदा पळवला, एक यार्ड मागे. मग पास : सॅक (फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडलं), १२ यार्ड मागे. पुन्हा पास : होल्डिंगचा (पकडून ठेवण्याचा) फाऊल, आणखी १० मागे. शेवटी पंट (लाथेने चेंडू समोरच्यांना देऊन टाकणं), आणि सामनाही गेला. हा तुमचा ऑफेन्सचा मेंदू.

तिसरा_डाऊन
हेडसेटवर "पळवा" म्हणायचा अधिकार क्विनचा होता. डिफेन्सवाला हेड कोच तिथे गप्प बसला, हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं.

निकेल_ब्लिट्झ
मग डेन्व्हर, २०२२. ऑफेन्सचे नथॅनिएल हॅकेट हेड कोच म्हणून ग्रीन बेमधून आले, जिथे प्ले (प्रत्येक वेळची चाल) तिथले हेड कोच मॅट लाफ्लर ठरवायचे. पहिलाच सामना सिएटलला, चौथा डाऊन (चार प्रयत्नांतला शेवटचा), अजून पाच यार्ड गाठायचे. क्वार्टरबॅक रसेल विल्सनला एवढा पैसा मोजलेला, तरी घड्याळ वाहू दिलं आणि ६४ यार्डांचा फील्ड गोल मारायला लावला. हुकला, १७-१६ हार. १५ सामन्यांत ४ विजय, ११ पराभव आणि नारळ. ऑफेन्सचा शिक्का होता, सामना हाकण्याचा सराव नव्हता.

साईडलाईनकर
दोघेही कामाच्या स्वरूपाबद्दल बोलतच नाही आहात. प्ले-क्लॉक (पुढचा प्ले सुरू करायची मुदत) ४० सेकंदांचं, आणि १५ उरले की क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला रेडिओ बंद. म्हणजे प्ले निवडून सांगायला २५ सेकंद, त्यातच खेळाडूंची अदलाबदल. डोळे कॉलशीटवर (प्लेंच्या यादीवर) असलेल्या माणसाने चॅलेंजचा (पंचांच्या निर्णयाला आव्हान देणारा) लाल रुमाल कधी टाकायचा? डिफेन्स मैदानात असताना तो टॅब्लेट घेऊन क्वार्टरबॅकशेजारी बसलेला, तेव्हा टाइमआउट कोण मोजतंय? स्वतः प्ले देणारा हेड कोच घेतलात तर घड्याळ आणि चौथा डाऊन बघणारा वेगळा माणूस हवाच, आणि तोही पहिल्या सामन्यापासून. हॅकेटनी तो दोन सामने झाल्यावर आणला.

फिलाडेल्फियाचे निक सिरियानी ऑफेन्सचेच, पण २०२१च्या मोसमातच त्यांनी प्ले देणं कोऑर्डिनेटर शेन स्टाइकनकडे सोपवलं. म्हणजे तिसरा_डाऊन यांचा धोका त्यांनाही लागू. २०२३ला स्टाइकन आणि डिफेन्सचे जॉनथन गॅनन दोघेही हेड कोच होऊन गेले. १०-१ अशी सुरुवात, शेवट ११-६ आणि पहिल्याच प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात बाहेर. मग ऑफेन्सला केलन मूर आणि डिफेन्सला विक फँजिओ आणले, आणि २०२४च्या मोसमाचा सुपर बोल ४०-२२ ने जिंकला. मूर लगेच हेड कोच होऊन न्यू ऑर्लिन्सला!

तिसरा_डाऊन
सिरियानींचा रोस्टर (खेळाडूंचा ताफा) बघा हो, तो कुणालाही तारेल. ह्यूस्टनला डिफेन्सचे डिमेको रायन्स आले, क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडचं पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी ऑफेन्स घसरला, कोऑर्डिनेटर बॉबी स्लोविकना काढलं. तिसऱ्या वर्षी, २०२५ला, पोराला नवी परिभाषा शिकावी लागली.

निकेल_ब्लिट्झ
आधीच्या वर्षी ३-१३-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा) असलेला संघ रायन्सनी लागोपाठ दोनदा १०-७ वर नेला, तेही सांगा की.

साईडलाईनकर
मुलाखतीत मी तरी आधी एवढंच विचारेन : तुमचा कोऑर्डिनेटर वर्षभरात गेला तर पुढची दोन नावं कोणती, आणि त्यातलं एक आत्ताच क्वार्टरबॅक कोच म्हणून येतंय का?